फुग्यातली माझी जागा

माझं गाव महाडच्या अलीकडे. नाव सांगते पण लिहू नका, तिथे अजून भावकी आहे आणि भावकीला प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं. गावाच्या डोक्यावर डोंगर, डोंगरात लेणी, आणि आमची वाडी डोंगराच्या अगदी पायाशी, म्हणजे गावाबाहेर, कारण पूर्वी आम्हाला बाहेरच ठेवायचे. माझ्या आज्याच्या वेळी सगळ्या वाडीने धम्म घेतला, घरातले देव खाडीत सोडले आणि आम्ही बौद्ध झालो. मी तेव्हा जन्माला यायची होते, त्यामुळे मला काही सोडावं लागलं नाही, मी सोडलेल्या घरातच आले.

चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा लांब होती आणि माझ्याकडे शेळ्या होत्या. ऊन वाढलं की शेळ्या लेण्यात जाऊन बसायच्या, मग मीपण बसायची. आत वटवाघळं, लेंड्या, आणि एक दगडाचा गोल घुमट, वरचा भाग फुटलेला. शाळेत गुरुजींनी सांगितलं, ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. घरी येऊन आईला सांगितलं तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, पांडव कशाला येतायत आपल्या डोंगरात, ती बुद्धाची हायत, आपली हायत. मी म्हटलं आपली आहेत तर आत काहीच कसं नाही. आई म्हणाली, आपलं असतं ते फोडतात. मग म्हणाली शेळ्यांना पाणी दाखव. एवढंच, जास्त काही बोलणं झालं नाही, पण ते माझ्या डोक्यात राहिलं, की आपलं म्हणजे फुटकंच असणार.

लग्न झालं, मुलगा झाला, नवरा वारला. नवऱ्याबद्दल काय सांगू तुम्हाला, एमआयडीसीत होता, पगार घरी आणायचा, फार बोलायचा नाही. गेलेल्याला चांगला म्हणायची पद्धत आहे, पण तो खरंच चांगला होता. तो गेल्यावर मुलगा शिकायचा होता, आणि मोलमजुरीवर ते काही होण्यासारखं नव्हतं. म्हसळ्याच्या बाजूची हमीदाभाभी, तिच्या माहेरच्या खाचरात माझी आई भात लावायला जायची, ती मस्कतला होती. तिच्या नवऱ्याचं तिथेच रुवीला दुकान. भाभीच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि घरात मुलं लहान, तर तिने निरोप धाडला की इंदूला पाठवा. मी तोवर पनवेलच्या पुढे गेले नव्हते, एकदम विमानात बसले.

भाभीच्या घरी, वादी अदाईला उतरले तेव्हा बघितलं तर चारी बाजूंनी काळे डोंगर आणि त्यांच्यावर गवताची काडी नाही. मला वाटलं, हे लोक खातात काय. पण खातात, चांगलं खातात, आणि माणसंही वाईट नाहीत. भाभीकडे मी बरीच वर्षं होते. तिची मुलं मोठी केली. तिच्या घरात नमाज व्हायचा आणि माझ्या फडताळात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, त्यावरून कधी शब्द झाला नाही. भांडणं झाली ती मिठावरून. भाभी म्हणायची, तुझ्या हाताला खारट सवय आहे, तुम्ही खाडीवाले. मी म्हणायची, तू कुठली, विलायतेची?

मुलं मोठी झाली तशी भाभीला माझी गरज उरली नाही. मग तिनेच मला मस्कतातच अल खुवैरला एका पुण्याच्या जोडप्याकडे लावून दिलं. साहेबाचं नाव ओंकार, मॅडमचं अनघा, आणि त्यांची मुलगी रुही तेव्हा पाळण्यात. साहेब दुक्मला प्रोजेक्टवर, अर्धा महिना तिकडे वाळवंटात आणि अर्धा महिना घरी. मॅडम ऑफिसला. म्हणजे पोरगी सगळी माझ्यावर. पहिल्या दिवशी मॅडमने आडनाव विचारलं. मी सांगितलं. पुण्याच्या माणसाला आडनाव सांगितलं की त्याच्या डोक्यात एक खण उघडतो आणि लगेच बंद होतो, मला तो आवाज ऐकू येतो. मॅडम म्हणाल्या आम्ही तसलं काही मानत नाही हं मावशी. मी म्हटलं बरं. मी काही विचारलं नव्हतं. पण बाई वाईट नव्हती, तुम्ही तसं लिहू नका. शुक्रवारी सुटी द्यायची, मी आजारी पडले तर स्वतः गाडी काढून डॉक्टरकडे न्यायची, जेवायला टेबलावर बसवायची. मला टेबलावर बसून पाय लटकवून जेवायला आवडत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर मूळ गोष्टीवर येते. करोनाच्या आधीचा हिवाळा. रुही चार वर्षांची झाली होती. एके दिवशी मी मेथी निवडत होते आणि मॅडम मोबाइल घेऊन आल्या, म्हणाल्या मावशी हे बघा आम्ही कुठे जाणार ते. बघितलं तर लाल विटांची देवळं, एक नाही दोन नाही, लांब धुक्यापर्यंत नुसती देवळंच, आणि त्यांच्यावर आभाळात मोठे मोठे फुगे तरंगतायत, खाली टोपल्या टांगलेल्या. मी विचारलं कुठलं हे. म्हणाल्या बर्मा, बागान म्हणून जागा आहे. देवळं कुणाची? बुद्धाची. सगळी? सगळी, आठशे-हजार वर्षं जुनी आहेत. मी मोबाइल हातात घेतला, माझ्या हाताला मेथीची माती होती, मॅडमने तोंड वाकडं केलं पण मी दिला नाही लगेच. उभी होती सगळी देवळं. कळस होते त्यांना.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही पण येताय, रुहीला कोण बघणार, लहान मुलांना फुग्यात घेत नाहीत. मी म्हटलं येईन, पण मी फुग्यात बसणार. मॅडम हसल्या. मी हसले नाही. मग म्हणाल्या अहो खाली फिरू ना आपण, देवळं खालून जास्त चांगली दिसतात. मी म्हटलं खालून एका वेळी एक भिंत दिसते, मला सगळं एका नजरेत बघायचंय. तुम्ही दोघं एका सकाळी जा, मी पोरीला धरते. दुसऱ्या सकाळी मी जाईन, तुम्ही पोरीला धरा. मॅडम म्हणाल्या बघू.

आता पुण्याचं माणूस बघू म्हणालं की ते झालंच नाही असं धरून चालायचं. मी दोन दिवस थांबले आणि साहेब दुक्महून आल्यावर चहा देताना दोघांच्या समोर सांगितलं, की ह्या वर्षीची माझी रजा शिल्लक आहे, तुम्ही बर्माला जाल तेव्हा मी गावाला जाते. साहेब म्हणाले मग रुही? मी म्हटलं तुमची आहे, तुम्ही बघा. साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी साहेबांकडे. साहेब म्हणाले, मावशी, तुम्ही एकट्या बसणार त्या टोपलीत, परक्या माणसांत, भाषा येत नाही. मी म्हटलं वर काय बोलायचंय? तर त्या दिवशी ठरलं, पहिल्या सकाळच्या दोन जागा त्यांच्या, दुसऱ्या सकाळची एक जागा माझी. साहेबाने माझ्यासमोर बुकिंग केलं, माझं नाव घातलं, वजन विचारलं. वजन कशाला विचारतात म्हटलं, तर म्हणे फुग्याला हिशेब लागतो. वजन सांगितलं. बायका वजन सांगायला का लाजतात ते मला कधी कळलं नाही.

मग साहेबाने मोबाइलवर वाचून दाखवलं, की टोपलीला दार नसतं. कडा छातीइतकी उंच असते, बाजूला पाय ठेवायला भोकं असतात, त्यात पाय घालून चढून आत उतरायचं. खाली येताना दणका बसतो म्हणून टोपलीत उकिडवं बसून दोऱ्या धरायच्या. जे हे करू शकत नाहीत त्यांना घेत नाहीत. साहेब म्हणाले, मावशी, तुमचा गुडघा. वाईट हेतूने नाही म्हणाले, पण माझ्या ध्यानात आलं की हा गुडघा उद्या माझ्या आड येणार. उकिडवं बसायचं मला कौतुक नाही, जन्मभर मासे तसंच बसून कापले. पण उजवा पाय वर उचलून भोकात घालायचा आणि त्याच्यावर सगळं अंग उचलायचं, ते होईना.

मी दर शुक्रवारी वादी अदाईला भाभीकडे जायची. तिच्या घरामागे कंपाउंडची भिंत आहे, सिमेंटच्या पोकळ विटांची, एका जागी वीट फुटलेली. मी तिथे पाय घालून भिंतीवर चढायला लागले. भाभी खिडकीतून बघायची. काय गो इंदू, खुळावलीस काय, शेजारचा ओमानी अर्बाब पोलिसाला बोलावील, म्हणेल म्हातारी चोर आली. मी म्हटलं येऊ दे, त्यालाच म्हणते खालून ढकल. ती म्हणाली आणि तुझा तो बुद्ध, त्याला वरून बघून काय करणार, तो काय हात हलवणार तुला? मी म्हटलं त्याने हलवावा म्हणून नाही जात, मला बघायचंय म्हणून जाते. पहिल्या शुक्रवारी गुडघा सुजला. भाभीने मोहरीचं तेल लावून दिलं आणि लावता लावता शिव्या दिल्या. पुढच्या शुक्रवारी परत चढले. शेवटी शेवटी मी भिंतीवर बसून भाभीला आवाज द्यायची, चहा इकडेच दे. ती द्यायची नाही.

बर्माला पोचलो. प्रवासाचं सांगत नाही, विमानं बदलली, रुहीला उलट्या झाल्या, झालं. बागानला पहिल्या सकाळी अंधारातच साहेब-मॅडम तयार होऊन बाहेर पडले आणि उजाडल्यावर परत आले. वारा होता. वारा असला की फुगे सोडत नाहीत, सगळ्यांनाच परत पाठवलं. मॅडमचा चेहरा उतरलेला. साहेब फोनवर बोलत बसले, दुसऱ्या दिवसाचं मागत होते. दुसऱ्या दिवशी सगळे फुगे भरलेले. पैसे परत देतो म्हणाले, जागा नाही. आणि तिसऱ्या दिवशी पहाटेचं आमचं विमान. म्हणजे आता आमच्या घरात फुग्यातली एकच जागा उरली आणि ती माझी.

मला लगेच कळलं काय होणार ते. मी रुहीला पपई भरवत होते. साहेब आले, खुर्ची ओढली, म्हणाले मावशी जरा बोलायचं होतं. मी म्हटलं बोला. म्हणाले, अनघाची फार इच्छा होती, दोन वर्षं ती हे ठरवतेय, मी महिन्यातला अर्धा वेळ घरी नसतो, आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून हे सगळं काढलं होतं. मी नाही गेलो तरी चालेल, पण ती तरी जाऊ दे. नाव बदलून देतायत ते लोक, मी विचारलंय. म्हणजे मला विचारायच्या आधी त्यांना विचारून झालं होतं. मी म्हटलं लग्नाचा वाढदिवस दोघांचा ना? मग ती एकटी वर आणि तुम्ही खाली, त्यात वाढदिवस कुठला.

मग मॅडम आल्या. डोळे लाल. म्हणाल्या मावशी, मी तुम्हाला परत आणीन इथे, शब्द देते. मी म्हटलं मॅडम, तुम्ही मला परत आणणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मी कशाला येणार इथे परत, माझा गुडघा यायचा नाही. तुमचं वय आहे, तुम्ही कधीही याल. तर म्हणाल्या, आम्ही तुम्हाला घरच्यासारखं वागवलं. खरं होतं ते. मी म्हटलं, वागवलंत. पण घरच्यासारखं म्हणजे घरच्या माणसाचं न विचारता काढून घेता येतं असं असेल, तर मी बाहेरचीच बरी. साहेबांचा आवाज थोडा चढला, म्हणाले तिकीट आम्ही काढलंय मावशी. मी म्हटलं काढलंत, माझ्या अटीवर काढलंत. मी इथवर आले ती ह्या एका सकाळसाठी. नाहीतर मी आज माझ्या घरी सुकट भाजत असते.

तेवढ्यात रुहीने पपईची बशी पाडली. मी उठून पुसून घेतलं. मॅडम म्हणाल्या जाऊ दे ओंकार, जाऊ देत त्यांना, आणि खोलीत गेल्या.

तुम्ही विचाराल, मला वाईट वाटलं का. वाटलं. बाई दोन वर्षं वाट बघत होती आणि तिच्या दिवशी वारा सुटला, वाईट वाटण्यासारखंच आहे. पण वारा मी सोडला नव्हता. आणि मी जन्मभर जागा सोडली आहे, पंगतीत सोडली, एसटीत सोडली, मुलाच्या लग्नात त्याच्या सासरच्यांसाठी पुढची खुर्ची सोडली. ही नाही सोडायची असं मी मस्कतमध्येच ठरवून आले होते. त्या दिवशी दुपारी नेहमीसारखं रुहीला झोपवलं, संध्याकाळी तिला घेऊन सगळ्यांबरोबर एका देवळात गेले. भांडण वेगळं, पोरगी वेगळी. त्या देशात देवळाच्या फाटकातच चपला काढायला लावतात, मोजेसुद्धा चालत नाहीत, गोरी माणसंपण तापलेल्या दगडावर पाय चोळत चालतात. आत बुद्धाची मूर्ती, भिंतीला पाठ लावून, अंगाखांद्यावर सोन्याचा वर्ख. मी त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. मॅडम बाहेर पायरीवर बसून होत्या.

दुसऱ्या सकाळी मी हॉटेलच्या फाटकात फुग्याच्या बसची वाट बघत उभी. मनात होतं की बसवाला म्हणेल तुमचं नाव नाही. साहेब तसा माणूस नाही, पण बायको रडली की माणूस कसा होईल सांगता येत नाही. तेवढ्यात मागून मॅडम आल्या, हातात त्यांचा स्वेटर. म्हणाल्या घाला, वर गार असतं. मी घातला. बस आली, माणसाने कागद बघून माझं नाव घेतलं, त्याला ते नीट घेता आलं नाही, पण माझंच होतं.

मोकळं शेत होतं. फुगे जमिनीवर आडवे पडलेले, मोठाल्या पंख्याने त्यांच्यात हवा भरत होते. मग आग सोडली. पंपाचे दहा स्टोव्ह एकदम पेटल्यावर होईल तसा आवाज. फुगा उभा राहिला. आमच्या टोपलीजवळ एक गोरा, तोच फुगा चालवणारा, त्याने हाताने दाखवलं कसं बसायचं, दोऱ्या कुठे धरायच्या. मग चढा म्हणाला. लुंगी नेसलेले दोन बर्मी पोरगे मला उचलायला पुढे आले. मी म्हटलं थांबा. साडी खोचली, पाय भोकात घातला, आणि चढले. गुडघ्याने एकदा चटका दिला, पण नेलं त्याने वर. आत उतरले तेव्हा शेजारच्या कप्प्यात एक गोरं जोडपं होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवण्यासारखं काय होतं, तेही चढलेच होते की.

वर गेलो ते कळलंच नाही. धक्का नाही, काही नाही, जमीनच खाली गेली. वारा लागत नाही, कारण आपण वाऱ्याबरोबरच जात असतो. आणि मग दिसलं. काय सांगू तुम्हाला, मला वर्णन करायला येत नाही आणि मी करणार नाही. जिथे बघाल तिथे देवळं. मोठी, लहान, एखादं तर आमच्या गोठ्याएवढं. भुईमुगाच्या शेतात, बाभळीत, वाटेच्या कडेला. मधून बैलगाडीची वाट, चुलींचा धूर, एका देवळाच्या अंगणात एक माणूस झाडत होता, त्याने वर बघितलंसुद्धा नाही, त्याचं रोजचंच. काही फुटलेली होती, भूकंपाने पडली म्हणे, पण ती पडलेली होती, फोडलेली नव्हती. आणि त्यांना बांबू लावून परत बांधत होते. मी एका बाजूने सुरू केलं आणि शेवट दिसेना. सगळी आपली, आणि उभी.

मग माझ्या डोक्यात आलं की आपण बुद्धाच्या डोक्यावरून चाललोय. पायात चपला घालून. काल फाटकात काढलेल्या चपला आज त्याच्या कळसाच्या वर. धम्मात असलं काही सांगितलेलं नाही, मला माहीत आहे, पण पायाला पटेना. मी चपला काढल्या. खाली ठेवायच्या तर परत त्याच्या डोक्यावरच, म्हणून उचलून बगलेत धरल्या. आणि मग वंदना म्हणायला दोन्ही हात जोडून वर नेले. हात वर गेले की बगल उघडते. एक चप्पल टोपलीत पडली आणि दुसरी कडेवरून बाहेर.

मी वाकून बघितलं. गोरा ओरडला, माझा स्वेटर मागून धरला. चप्पल खाली जातेय, फिरत फिरत, आणि खाली एक कळस. चपला घालून उभी राहिले असते तर काही झालं नसतं, मान राखायला गेले आणि आता बुद्धाच्या डोक्यात चप्पल मारणारी मी पहिली बौद्ध होणार. पण फुगा पुढे सरकत होता, चप्पल कळसाच्या पलीकडे, शेतात पडली. शेतात एक बाई गुरं घेऊन निघाली होती, ती थांबली, चपलेकडे बघितलं, मग वर बघितलं. मी हात हलवला. तिनेही हलवला. ती चप्पल तिने उचलली असेल, चांगली होती, रुवीची. मला हसू आलं आणि मग थांबेना. गोरा आधी रागावलेला, मग तोही हसायला लागला. वंदना मग मी हात खाली ठेवूनच म्हटली.

उतरताना उकिडवी बसले, दोऱ्या धरल्या, टोपली दोनदा आपटली आणि घसरत थांबली. मी एका पायात चप्पल, दुसरा मोकळा, धसकटांतून चालत आले. तिथे टेबल मांडून सगळ्यांना दारू देत होते, फुग्यातून उतरल्यावर द्यायची रीत आहे म्हणे. ते पंचशीलात बसत नाही, मी संत्र्याचा रस घेतला.

हॉटेलवर आले तर मॅडम रुहीची वेणी घालत होत्या. कसं होतं, म्हणाल्या. मी म्हटलं फार चांगलं होतं. खोटं बोलून, काही विशेष नव्हतं म्हणून, त्यांना बरं वाटायला लावलं असतं, पण मग मी तिथे जाऊन केलं काय? त्यांनी वेणी घट्ट ओढली, रुही ओरडली. माझ्या एका पायाकडे बघून चप्पल कुठे म्हणाल्या. सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

मस्कतला आल्यावर सगळं नीट चाललं, पण नीट म्हणजे कसं, घरात पाहुणा असल्यावर चालतं तसं. वर्ष फिरलं, करोना आला, मॅडम घरूनच काम करायला लागल्या आणि म्हणाल्या मावशी, रुही आता मोठी झाली. मी म्हटलं बरोबर आहे. त्यांनी मला वाऱ्यावर सोडलं नाही, व्हिसाचं भाभीच्या नवऱ्याकडे नीट करून दिलं. त्या सीटमुळे काम गेलं का, असं भाभी मला अजून विचारते. गेलं असेल. भाभी म्हणते, दिली असतीस तर अजून तिथे एसीत बसली असतीस. मी म्हणते हो, आणि रोज त्या पोरीच्या वेण्या घालताना मनात आलं असतं, की माझ्या जागेवर हिची आई बसली. तसं मनात ठेवून पोर सांभाळायचं नसतं.

आता मी भाभीच्या मागच्या खोलीत असते. डबे करते, एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे, रत्नागिरीकडचे, वसईचे, कुणीकुणी. भाकरी, आमटी, एक मासा. मीठ अजून खारट आहे असं भाभी म्हणते, डबेवाले काही म्हणत नाहीत.

मागच्या महिन्यात गाडी थांबली दारात. रुही उतरली. अंगाने माझ्या खांद्याला आलीय, मराठी अडखळत बोलते. मावशी, मॉम गाडीत आहे, आम्ही पापलेट द्यायला आलो, डॅडने खूप आणले दुक्मवरून. मग आत येऊन बसली, इकडे तिकडे बघितलं आणि एकदम म्हणाली, मॉम सांगते तुम्ही तिला बलूनमध्ये नाही जाऊ दिलं. मी म्हटलं खरं आहे. का नाही दिलं? मी म्हटलं मला जायचं होतं. पोरीने विचार केला. म्हणाली, जस्ट दॅट? मी म्हटलं हो, एवढंच. तिला ते पटलं असं दिसलं, आईपेक्षा लवकर पटलं.

मी बाहेर गाडीपाशी गेले. मॅडमनी काच खाली केली. केस पिकायला लागलेत त्यांचे. गुडघा कसाय, म्हणाल्या. मी म्हटलं चालतंय, भिंत आता चढत नाही. मग म्हणाल्या, आम्ही अजून गेलो नाही मावशी, आता तिकडे लढाई चालू आहे. मी म्हटलं लढाया संपतात, संपली की जा. रुही आता टोपलीच्या कडेच्या वर दिसेल, तिघांच्या तीन जागा काढा, कुणाला खाली ठेवायला लागणार नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या तुम्ही अजिबात बदलला नाहीत. मी म्हटलं ह्या वयात कशाला बदलू. आत या, मासे कापेपर्यंत चहा घ्या. त्यांनी गाडी बंद केली, आणि आत आल्या.